जुन्या टर्बो पेट्रोल गाडीचे व्हॅक्यूम पाइप: जसेच्या तसे बदलायचे, थोडे कमी करायचे, की सगळे काढून ब्लॉक बसवायचा?

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने गेल्या दिवाळीत जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया घेतली, १.८ टर्बो पेट्रोल. परवा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये तो बोनेट उघडून उभा होता. शेजारी स्टुलावर निळ्या सिलिकॉन पाइपाचं वेटोळं, सहा तोंडांचा ॲल्युमिनियमचा ब्लॉक (सगळे पाइप एका जागी जोडायचा ठोकळा) आणि मूठभर क्लिपा. तक्रार अशी की कात्रजच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की शिट्टीसारखा आवाज येतो आणि गाडी ओढत नाही. सिग्नलला उभी असली की आरपीएम खाली-वर होतो. "काका, हे सगळं जंजाळ काढूनच टाकतो आज," म्हणाला.

माझ्याकडेही हेच इंजिन आहे आणि त्याचे पाइप मी घरीच दोनदा केले आहेत. त्यामुळे त्याला म्हटलं, आधी बस, तुझ्यासमोर तीन वाटा आहेत, त्या नीट बघून मग कात्री लाव.

पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी. साध्या पेट्रोल इंजिनात हे बारीक पाइप फक्त खेच, म्हणजे व्हॅक्यूम, सोसतात. पाइप थोडा सैल असला तरी खेच त्याला निपलवर (पाइप ज्या तोंडावर चढवतात त्यावर) ओढूनच धरते. टर्बो गाडीत त्याच पाइपाला पाय सोडला की खेच आणि पाय दाबला की अर्धा-पाऊण बारचा दाब, असं दोन्ही आलटून पालटून सोसावं लागतं. दाब आला की सैल पाइप निपलवरून निसटतो. म्हणून टर्बो गाडीत "क्लिप राहू दे, घट्ट बसलाय" हे चालत नाही.

फोक्सवॅगन-ऑडी घराण्यातलं हे १,७८१ सीसीचं, सिलिंडरमागे पाच व्हॉल्व्हचं इंजिन. त्याच्या इनटेकभोवती पाइपांची गर्दी दिसते ती सगळी सारख्या महत्त्वाची नसते. पेट्रोलचा दाब सांभाळणारा फ्युएल प्रेशर रेग्युलेटर, डायव्हर्टर व्हॉल्व्ह, ब्रेकला जोर देणारा बूस्टर, पेट्रोलच्या वाफा ओढून घेणारा पर्ज व्हॉल्व्ह आणि इंजिनाच्या पोटातल्या वाफांना वाट देणारा क्रँककेसचा ब्रीदर ही कामाची मंडळी. त्यांच्या जोडीला एन२४९ नावाचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह), व्हॅक्यूम साठवणारा काळा डबा, दोन-तीन नॉन-रिटर्न (एकेरी) व्हॉल्व्ह आणि काही इंजिनांत सेकंडरी एअरचा पसारा. तुमच्या गाडीत यातलं नेमकं काय आहे हे इंजिन कोडवर ठरतं. तेव्हा दुसऱ्याच्या गाडीचा नकाशा बघून पाइप कापू नका, स्वतःच्या गाडीचे फोटो काढा आणि प्रत्येक टोकाला मास्किंग टेपची चिठ्ठी लावा.

पहिली वाट: आहे तसंच, फक्त पाइप नवे

माझं मत आधीच सांगतो: दहापैकी आठ जणांनी इथेच थांबावं. वीस वर्षांच्या गाडीत त्रास पाइपांच्या संख्येचा नसतो, पाइपांच्या वयाचा असतो. त्या मुलाच्या गाडीतला एक तुकडा काढून मी बोटांत वाकवून दाखवला. वरचं सुती विणकाम चांगलं दिसत होतं, पण टोकाच्या सेंटिमीटरभर भागात आतलं रबर उन्हाळ्यातल्या तळ्याच्या चिखलासारखं तडकलेलं होतं. मधला भाग मऊ, टोक दगड. गळती टोकाला होते आणि वरून काही दिसत नाही.

या वाटेचा फायदा म्हणजे ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) काही कळतही नाही, चेक लाइट लागत नाही, आणि उद्या गाडी कुठल्याही फिटरकडे गेली तरी त्याला ओळखीचीच मांडणी दिसते. तोटा वेळेचा. इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाच्या) खाली हात जात नाही, आणि जुने प्लास्टिकचे टी (तीन तोंडांचे जोड) आणि निपल ओढले की मोडतात. पाइप कधीही ओढून काढू नका. टोकाला ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर द्या आणि सालासारखा सोलून काढा.

पाइप नाना पेठेत मीटरवर मिळतो, पण जुना तुकडा खिशात घेऊन जा. मूळ पाइपाचं आतलं माप बहुतेक ठिकाणी साडेतीन मिलिमीटरच्या आसपास असतं, आणि दुकानात "चारचा घ्या, चालतो" म्हणतात. चार मिलिमीटरचा जाड भिंतीचा पाइप क्लिपेसकट चालतो, पातळ भिंतीचा नाही. तो वळणावर चपटा होतो, आणि गरम इंजिनात खेच लागली की आतून चिकटतो.

दुसरी वाट: एन२४९ आणि डबा बाजूला

हा भाग जरा खोलात सांगतो, कारण "सिम्प्लिफाय" म्हणजे बहुतेकांच्या मनात हेच असतं.

पाय सोडला की थ्रॉटल (हवेची झडप) बंद होतो, पण टर्बो फिरतच असतो. अडलेल्या हवेला वाट करून द्यायला डायव्हर्टर व्हॉल्व्ह असतो आणि तो मॅनिफोल्डच्या खेचेने उघडतो. कंपनीने मध्ये एन२४९ ठेवला तो यासाठी की ईसीयूला हवं तेव्हा, मॅनिफोल्डमध्ये दाब असतानाही, डब्यात साठवलेला व्हॅक्यूम वापरून तो व्हॉल्व्ह उघडता यावा. बूस्ट (टर्बोचा दाब) मर्यादेबाहेर गेला किंवा टॉर्क पटकन कमी करायचा असला तर ईसीयूला हा मार्ग कामी येतो.

तो काढून डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पाइप थेट मॅनिफोल्डला जोडला तर काय होतं? जोड कमी होतात. माझ्या गाडीत डबा, एकेरी व्हॉल्व्ह आणि टी धरून सात जोड गेले. गिअर बदलताना व्हॉल्व्ह लगेच आणि दर वेळी सारखा उघडतो, हे पायाला जाणवतं. ताकद मात्र वाढत नाही. कोणी वाढते म्हणालं तर त्याची आधीची गळती बंद झाली एवढाच त्याचा अर्थ. आणि ईसीयूच्या हातातलं ते एक हत्यार गेलं, हेही खरं.

सोलेनॉइडची वायर काढली तर फॉल्ट कोड येतो. मी सोलेनॉइड वायरसकट जागच्या जागी ठेवला, फक्त त्याचे पाइप काढून तोंडांना टोप्या घातल्या. ईसीयूला कॉइल दिसत राहते आणि लाइट लागत नाही. काढलेला डबा आणि पाइप एका पिशवीत घालून पिशवीवर तारीख लिहून माळ्यावर ठेवल्यात. उलट जायचं ठरलं तर दोन तासांचं काम.

सेकंडरी एअरला मात्र हात लावू नका. थंड इंजिन सुरू झाल्यावर सुरुवातीच्या मिनिटभरात तो पंप एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडतो, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापतो. गरम गाडीच्या पीयूसीत त्याचा फरक दिसत नाही, म्हणून लोक बिनधास्त काढतात. पण डिसेंबरातल्या पुण्याच्या सकाळी बंद पार्किंगमध्ये तो धूर आपल्याच इमारतीतली मुलं शाळेला निघताना घेतात. मला ते पटत नाही.

तिसरी वाट: एकच ब्लॉक, सगळं त्यावर

दिसायला ही सगळ्यात देखणी. मॅनिफोल्डमधून एक जाड पाइप ब्लॉकला, आणि ब्लॉकमधून रेग्युलेटर, डायव्हर्टर व्हॉल्व्ह आणि बूस्ट गेज. मोठा टर्बो, बदललेलं मॅनिफोल्ड आणि ट्यून केलेला ईसीयू असलेल्या गाडीत ती योग्यच आहे. रोजच्या गाडीत माझे दोन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप रेग्युलेटरचा. बूस्ट वाढला की रेग्युलेटरला तो दाब कळायला हवा, म्हणजे पेट्रोलचा दाबही तेवढा वाढतो. ब्लॉकला जाणारा एकच पाइप निसटला तर बूस्टखाली पेट्रोल कमी पडतं, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन ठोकायला लागतं. खंबाटकी चढताना पूर्ण पाय दाबलेला असताना हे झालं तर पिस्टनपर्यंत जातं. ब्लॉक बसवायचाच असेल तर रेग्युलेटरचा पाइप वेगळा, आखूड आणि क्लिपेसकट थेट मॅनिफोल्डवरून घ्या.

दुसरा आक्षेप असा की ब्लॉकला तोंडं असतात म्हणून लोक त्यात काहीही खुपसतात. ब्रेक बूस्टरचा पाइप त्यात कधीही आणू नका. त्याचा स्वतःचा जाड पाइप आणि स्वतःचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे, तो तसाच राहिला पाहिजे. तो व्हॉल्व्ह उलटा बसला तर ब्रेकला मदतच मिळत नाही. वेस्टगेटकडे (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेकडे) जाणारा एन७५ या सोलेनॉइडचा पाइपसुद्धा या ब्लॉकचा नाही. तो कॉम्प्रेसरच्या बाजूने दाब घेतो. तो निसटला की वेस्टगेटला दाबच पोहोचत नाही, गेट बंद राहतं आणि बूस्ट चढत जातो.

सिलिकॉन की रबर

घरी करायला लागण्याआधी एकदा मी एका गॅरेजमध्ये काम दिलं होतं. त्यांनी एकाच निळ्या सिलिकॉन पाइपात सगळं उरकलं, पर्ज व्हॉल्व्हचा आणि ब्रीदरचा पाइपसुद्धा. पावसाळा संपता संपता बोनेट उघडलं की पेट्रोलचा वास यायला लागला. पाइप फुगून मऊ झाला होता, दाबला की बोटाचा ठसा उमटायचा. सिलिकॉन उष्णतेला उत्तम, पण पेट्रोलच्या वाफा आणि तेल त्याला मानवत नाहीत. तेव्हापासून माझा नियम: डायव्हर्टर व्हॉल्व्हला आणि बूस्ट गेजला जाड भिंतीचं सिलिकॉन, पर्जच्या पाइपाला पेट्रोलसाठीचा नायट्राइल किंवा फ्लुरोरबरचा पाइप, ब्रीदरला मूळ मोल्डेड पाइप. रेग्युलेटरच्या पाइपातही मी पेट्रोलचाच पाइप वापरतो, कारण आतला पडदा फाटला तर तिथे पेट्रोल येतं. तो पाइप काढून हुंगून बघा. पेट्रोलचा वास आला तर आधी रेग्युलेटर बदला.

उंदरांचंही सांगून ठेवतो. टेकडीलगतच्या सोसायट्यांमध्ये मी सिलिकॉन आणि रबर दोन्ही कुरतडलेले पाहिलेत. त्या बाबतीत दोघांत निवड नाही, महिन्यातून एकदा टॉर्च मारून बघणं एवढंच.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची पुन्हा नोंदणी करताना आरटीओत तपासणी होते. पहिल्या वाटेला याची काहीच काळजी नाही. दुसरी आणि तिसरी निवडणाऱ्याने ही जबाबदारी समजून घ्यावी. पीयूसीत बीएस-३ पेट्रोल गाडीला आयडलिंगला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.५ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) ७५० पीपीएमची मर्यादा आहे. खेच गळत असली की मिसिंग होतं आणि एचसी चढतो, म्हणजे बरी झालेली गाडी तिथे आपोआप बरी दिसते.

काहीही कापण्याआधी तपासा

हार्डवेअरच्या दुकानातून टर्बोच्या इनलेट पाइपात बसेल अशी पीव्हीसीची एंड कॅप घ्या, तिला भोक पाडून पंक्चरवाल्याकडून ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह बसवून घ्या. एमएएफ सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या) पुढे, टर्बोच्या बाजूला ती लावा आणि गेज असलेल्या पंपाने हवा भरा. अर्धा बार पुरे, पाऊण बारच्या वर जाऊ नका, इंजिनाच्या सीलवर ताण येतो. ब्रीदरमधून थोडी हवा जाईलच. मग साबणाचं पाणी फवारा. इंजिन थंड हवं. कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायची पद्धत गरम टर्बोजवळ करू नका, पेट घेतो.

स्कॅनर असेल तर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलात किती टक्के कमी-जास्त करतोय ते, बघा. आयडलिंगला लाँग टर्म ट्रिम दहा टक्क्यांच्या वर अधिकमध्ये असेल तर न मोजलेली हवा आत येतेय. एमएएफ असलेल्या गाडीत बूस्टखाली उलट होतं: मोजलेली हवा बाहेर जाते आणि मिश्रण गडद होतं. दोन्ही दिसलं तर गळती मॅनिफोल्डकडच्या पाइपात शोधा. गेज लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, त्यामुळे तीच गाडी मुंबईत आयडलिंगला जेवढी खेच दाखवेल त्यापेक्षा इथे साधारण दोन इंच (पाऱ्याचे) कमी दाखवते. मुंबईच्या मित्राचा आकडा बघून घाबरू नका.

त्या मुलाच्या गाडीत साबणाचे बुडबुडे दोन ठिकाणी आले. एक डायव्हर्टर व्हॉल्व्हच्या पाइपाच्या टोकाला, बारीक फेस. दुसरा मॅनिफोल्डखालच्या प्लास्टिकच्या टीवर, तिथे बुडबुडा लिंबाएवढा होऊन फुटत होता. टी हातात आला तो दोन तुकड्यांत. दुपारपर्यंत नाना पेठेतून चार मीटर पाइप, पितळेचे दोन टी आणि क्लिपा आणल्या आणि सगळे पाइप जसेच्या तसे बदलले. संध्याकाळी आयडलिंगचा ट्रिम तीन टक्क्यांवर आला होता. एन२४९ ला हात लावला नाही. दोन महिने गाडी अशीच चालव, गिअर बदलताना अजून झटका वाटला तर दुसऱ्या वाटेचं बघू, असं ठरलंय. ब्लॉक त्याने डबीत घालून परत पाठवला.