गाडीचा पिकअप गेला: टर्बो बदलावा, डिझेलची बाजू बघावी की इंजिन बांधावं?

मांजरसुंब्याचा घाट तिसऱ्या गिअरवर चढणारी जीप दुसऱ्यावरही धापा टाकायला लागली, की गॅरेजवर पहिलं वाक्य ऐकू येतं, "टर्बो गेला." टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा. आमच्या गाडीचंही असंच झालं. टर्बो उतरवला, दुसरा बसवला, आणि घाटात गाडी तशीच. दोष निघाला इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, रबरी होज पाईपमध्ये. क्लिपखाली बोटभर चीर होती, इंजिन बंद असलं की ती मिटून जायची. तो खर्च वाया गेला, म्हणून जुनी बोलेरो, तवेरा, स्कॉर्पिओ सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

आधी दोन संशय दूर करा, यांना पैसा लागत नाही. टॉप गिअरवर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. पाचसात किलोमीटर चालवून उतरल्यावर एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापलेलं लागलं, तर ब्रेक धरून राहतोय.

आता खरा निर्णय. हवा कमी पडतेय, डिझेल कमी पडतंय, की इंजिनच झिजलंय?

हवा कमी पडत असेल तर गाडी जागेवर ठीक चालते, गावातही चालते. जिथे टर्बोने जोर द्यायचा तिथेच ती सपाट पडते आणि मागून काळा धूर सोडते. डिझेल कमी पडत असेल तर धूर जवळजवळ नसतो. सपाट रस्त्यावर कळत नाही, पण लांब चढाला किंवा वेगात गाडी आचके देते, थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालते. आपल्याकडे ट्रॅक्टरसाठी बॅरलमध्ये साठवलेलं डिझेल जीपमध्येही ओतलं जातं आणि त्यातून पाणी येतं. म्हणून डिझेल फिल्टर आधी, डिझेलचा पंप आणि डिझेल फवारणारे नोझल नंतर. पंपवाल्याकडे जाण्याआधी फिल्टरखालचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या ग्लासात घ्या. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं.

धुराचा हा नियम दोन ठिकाणी फसवतो. जुन्या मेकॅनिकल पंपावर टर्बोच्या दाबाने हलणारा एक पडदा असतो, त्याला इनटेकवरून, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेवरून, बारीक नळी येते. ती नळी तुटली की पंप डिझेल वाढवतच नाही. धूर नाही, पिकअपही नाही, आणि सगळे नोझल तपासत बसतात. सीआरडीआय गाडीत, म्हणजे जिथे डिझेल कॉम्प्युटर सोडतो, टर्बोचा दाब कमी दिसला की कॉम्प्युटर स्वतःच डिझेल कापतो. तिथे अंदाज नको, स्कॅनर लावून टर्बोचा दाब चालत्या गाडीत बघा.

हवेची बाजू निघाली तरी टर्बोला शेवटी हात लावा. नांगरटीच्या दिवसांत काळ्या रानातली धूळ एअर फिल्टर लवकर भरते. तो कॉम्प्रेसरने झटकून पुन्हा पुन्हा वापरला की कागद विरतो आणि धूळ थेट टर्बोची पाती खाते. नवा फिल्टर टाका. मग होज. जोडाजवळ काळा तेलकट डाग शोधा, पाईपमध्ये कमी दाबाची हवा भरून साबणाचं पाणी लावा. टर्बोचा दाब सांभाळणारा अ‍ॅक्च्युएटर व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर, चालत असेल तर उन्हाने कडक झालेल्या रबरी नळ्या बघा. पिकअपसोबत ब्रेकचा पायही जड झाला असेल, तर बहुतेक व्हॅक्यूमच कमी पडतोय. कित्येक गाड्यांत व्हॅक्यूमचा पंप अल्टरनेटरच्या मागेच असतो.

टर्बो खरंच गेलाय का, हे बोटांनी कळतं. इंजिन बंद आणि थंड असताना फिल्टरकडचा पाईप काढून आतली दांडी हलवा. आडवी किंचित हलली तर घाबरू नका, ती ऑईलच्या थरावरच फिरते. पाती भिंतीला घासत असतील किंवा दांडी आतबाहेर सरकत असेल, तर टर्बो गेला.

सर्वात महाग चूक इथून पुढे होते. होजमध्ये ऑईल, मागून निळा धूर, म्हणून टर्बो बदलतात. पण पिस्टनच्या रिंगा झिजल्या की इंजिनाच्या पोटात दाब वाढतो, टर्बोतून खाली परतणारं ऑईल अडतं आणि सीलमधून बाहेर येतं. चालू इंजिनवर ऑईलचं झाकण काढा. जोराचे भपकारे येत असतील, गाडी सकाळी उशिरा स्टार्ट होत असेल, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजल्याशिवाय टर्बोवर रुपयाही घालू नका. आणि इतकं ऑईल येत असताना गाडी चालवूही नका. इंजिन तेच ऑईल जाळून चावी बंद केल्यावरही पळत सुटू शकतं. तसं झालंच तर ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरवर क्लच सोडून ते बंद पाडावं लागतं.

टर्बोच बदलायचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे. बाहेरचं लोखंड तडकलेलं नसेल, तर बॅलन्स केलेलं नवं कार्ट्रिज, म्हणजे दांडी-पात्यांसकट आतला भाग, घ्या, जुन्या गाडीला ते परवडतं. तडा असेल, किंवा कोन बदलणाऱ्या पात्यांचा (व्हीजीटी) टर्बो कार्बनने झिजला असेल, तर पूर्ण नवाच. भंगारातला टर्बो मी घेणार नाही. नुसतं बुश-सील किट बॅलन्सशिवाय बसवणंही नको, ही दांडी मिनिटाला १ लाखाहून जास्त फेरे घेते.

बसवताना समोर उभे राहा. ऑईल येण्याची आणि जाण्याची नळी दोन्ही साफ किंवा नव्या, इंटरकूलरमधलं ऑईल उपसून बाहेर, इंजिन ऑईल आणि फिल्टर बदललेले. डिझेल बंद ठेवून ऑईलचा दिवा विझेपर्यंत थांबत थांबत सेल्फ मारायला सांगा, मगच गाडी चालू करा. नवा टर्बो कोरडा फिरला तर त्याच दिवशी खराब होतो.