अर्थसंकल्पानंतरचा करसल्ला : राजारामपुरीतील एका कार्यालयाचा अनुभव

१ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागणार नाही असे जाहीर केले, तेव्हापासून कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा निवृत्तांत दुसरा विषय नव्हता. प्रत्येकाचा हिशेब वेगळा निघत असल्याने एप्रिलमध्ये मी राजारामपुरीतील एका कर सल्लागारांकडे गेलो.

त्यांनी आधी माझा मोठा गैरसमज दूर केला. नव्या करप्रणालीत करमुक्त टप्पा ४ लाखांचाच आहे. पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के आणि त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के धरून १२ लाखांवर ६०,००० रुपये कर निघतो, आणि तो सवलत म्हणून माफ होतो. मात्र ही सवलत शेअर विक्रीच्या नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला मिळत नाही. माझे निवृत्तिवेतन ७,२०,००० आणि ठेवींवरील व्याज ३,९०,०००. त्यातून ७५,००० रुपयांचे स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट वजावट) वजा केल्यावर कर शून्य होतो, पण वर्षाच्या आतच विकलेल्या शेअरवरील ४०,००० रुपयांच्या नफ्यावर २० टक्के दराने, उपकरासह, ८,३२० रुपये भरावेच लागणार होते. हे मला कोणत्याही बातमीतून समजले नव्हते. जुन्या प्रणालीचा हिशेबही त्यांनी समोर मांडला; व्याजावरील ५०,००० ची वजावट आणि आरोग्य विमा धरूनही तेथे कर लाखावर जात होता.

त्यांच्या प्रामाणिकपणाची खात्री मला १५ एच अर्जाच्या, म्हणजे बँकेने व्याजातून कर कापू नये म्हणून द्यायच्या घोषणापत्राच्या, वेळी पटली. ज्येष्ठांसाठी व्याजावरील टीडीएसची (बँकेने आधीच कर कापण्याची) मर्यादा या अर्थसंकल्पाने ५०,००० वरून १ लाख केली असली, तरी एकाच बँकेतील माझे व्याज तिच्या कितीतरी वर आहे. ‘अर्ज देऊन टाका, सगळेच देतात,’ असा सल्ला मला ओळखीच्यांकडून मिळाला होता. सल्लागारांनी तो ठामपणे नाकारला, कारण कर शून्य असेल तरच हे घोषणापत्र देता येते आणि माझा कर शून्य नाही. देय करापेक्षा जास्त कापलेली रक्कम विवरणपत्र भरल्यावर परत मिळते, त्यासाठी ठेवी चार बँकांत विखुरण्याची गरज नाही, असेही त्यांनी समजावले. माझ्या पत्नीचा कर मात्र शून्य असल्याने तिचा अर्ज त्यांनी तिथेच भरून दिला.

उणिवाही सांगायला हव्यात. वेळ ठरवूनही मला सव्वा तास बसावे लागले. माझ्या आधी शिरोलीचे एक फाउंड्री मालक लघुउद्योगाच्या उलाढालीची मर्यादा ५० वरून १०० कोटी झाल्याने काय बदलते, हे विचारत होते. त्यांचे काम मोठे हे मान्य, परंतु बाहेर बसलेल्या वृद्धांना निदान तसा निरोप द्यायला हवा होता. शुल्काचा फलक कोठेही नाही. मला ८०० रुपये सांगितले, ते वाजवी वाटले आणि पावतीही मिळाली, तरी रक्कम आधी कळली असती तर बरे झाले असते. सर्वांत खटकले ते हे की, सारे बोलणे उत्तम मराठीत झाले, पण हातात दिलेला हिशेबाचा कागद संपूर्ण इंग्रजीत होता, आणि घरी पत्नीला तो दाखवताना मला प्रत्येक ओळ पुन्हा समजावून सांगावी लागली. तो मराठीत द्यावा, अशी विनंती मी लेखी करून आलो आहे.