लाइन डेड की लाइन तोडली? ऊनी प्रोब आठ महिने वापरून

टेलिफोन खात्यात मी 1981 साली लागलो तेव्हा एक्स्चेंज स्ट्रोजरचं, म्हणजे जुन्या यांत्रिक पद्धतीचं होतं. नंबर जोडणारे शेकडो सिलेक्टर एकदम खडखडायचे. रात्री घरी येऊन पडलं तरी कानात तोच आवाज. पुढची बरीच वर्षं टेस्ट डेस्कवर गेली. 198 ला तक्रार आली की डॉकेट करायचं, म्हणजे तिची नोंद करायची, लाइन टेस्टला घ्यायची आणि ठरवायचं: बिघाड एक्स्चेंजमध्ये आहे, केबलमध्ये आहे, की ग्राहकाच्या घरातल्या उंदरानं वायर कुरतडलीय. काम एवढंच, पण ते नीट झालं की लाइनमनची निम्मी पायपीट वाचायची.

गेले आठ महिने मी परत टेस्ट डेस्कवर बसल्यासारखा वागतोय, असं आमच्या हिचं म्हणणं आहे. त्याला कारण ऊनी प्रोब नावाचं एक ॲप. फुकट आहे, जाहिराती नाहीत, नाव-नंबर विचारत नाही. चिन्ह ऑक्टोपसचं. 2012 मध्ये टॉर या ओळख लपवणाऱ्या ब्राउझरवाल्यांच्या घरात हा प्रकल्प जन्मला, आता वेगळी संस्था तो चालवते. कुठली साइट कुठल्या कंपनीच्या लाइनवर अडवली जाते हे तपासायचं आणि त्याची नोंद सगळ्यांना बघता येईल अशी ठेवायची, हे त्याचं काम.

मला त्याची गरज का पडली ते आधी सांगतो. ऑगस्ट 2022. मेहुण्याच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट सीडीवर करून आणली होती. ती कॉम्प्युटरवर चालेना. नात पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, ती फोनवर म्हणाली, "आजोबा, व्हीएलसी टाका, काहीही चालतं त्यावर." तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरची साइटच उघडेना. पांढरं पान. कस्टमर केअरला फोन लावला. मुलगी गोड बोलायची, पण तीन वेळा राऊटर बंद करून चालू करायला लावला. चौथ्यांदा म्हणाली, "सर, साइटच डाऊन असेल." मी जिना उतरून खालच्या मजल्यावर गेलो, त्यांची कंपनी वेगळी. तिथं साइट झटक्यात उघडली.

म्हणजे साइट चालू, माझी लाइन चालू, आणि तरी फोन लागत नाही. टेस्ट डेस्कवरच्या माणसाला एवढं कळतं की हा बिघाड नव्हे, मध्ये कुणीतरी जंपर (जोडणीची वायर) काढलाय.

नंतर पेपरात आलं. व्हीएलसीची साइट भारतात वर्षाच्या सुरुवातीपासूनच बंद केलेली होती. काही कंपन्यांच्या लाइनवर निदान 'माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली बंद' अशी पाटी तरी दिसायची, माझ्याकडे तीही नाही. व्हीएलसी बनवणाऱ्या फ्रान्समधल्या व्हिडिओलॅन संघटनेलासुद्धा कुणी कळवलेलं नव्हतं. त्यांनी दिल्लीच्या इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीनं सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबर 2022 मध्ये बंदी उठली. लग्नाची सीडी तोवर मी खालच्यांकडे बसून बघितली होती. तीन तासांत मेहुणा चारदा दिसतो, बाकी सगळी पंगत.

दिवाळीत नात आली तेव्हा तिनं हे ॲप टाकून दिलं. सुरुवातीलाच ॲप तुमची परीक्षा घेतं, हे मला फार आवडलं. दोनच प्रश्न, बरोबर की चूक. तुमच्या इंटरनेटवर कुणी नजर ठेवून असेल तर त्याला तुम्ही हे ॲप चालवताय ते दिसेल का? दिसेल. तुमच्या तपासणीचे निकाल आपोआप जाहीर होतात का? होतात. चुकीचं उत्तर दिलंत तर थांबवून समजावतं. हल्ली प्रत्येक ॲप 'मान्य आहे' म्हणून बोट टेकवायला लावतं, वाचतं कोण? इथं वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आता काम कसं करतं ते. एखादी साइट उघडायची म्हणजे आधी तिच्या नावावरून तिचा आकडी पत्ता काढावा लागतो, जसं आपण 197 ला फोन करून नंबर विचारायचो. साइट अडवायची पहिली रीत इथंच: 197 वाल्यानं मुद्दाम चुकीचा नंबर सांगायचा. दुसरी रीत, नंबर बरोबर, फोनही लागला, पण समोरून माणसाऐवजी 'या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत' अशी टेप. तिसरी जरा बेरकी. हल्ली बोलणं सगळं बंद लिफाफ्यात असतं, पण बोलणं सुरू होण्याआधी ज्याच्याशी बोलायचं त्याचं नाव मोकळ्यावर उच्चारावं लागतं. कंपनीचं यंत्र ते नाव ऐकतं आणि वायर ओढतं. ग्राहकाला वाटतं, लाइन कट झाली.

ऊनी प्रोब या पायऱ्या एकेक करून तपासतं आणि त्याच वेळी दुसऱ्या देशातल्या एका सर्व्हरला तीच साइट उघडायला सांगतं. दोन्हीकडचं जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर शंका म्हणून खूण करतं आणि कुठल्या पायरीवर अडलं तेही लिहितं. आम्ही मिरजेच्या एक्स्चेंजला सांगून तिकडून नंबर लावून बघायचो, तीच युक्ती. तपासायच्या साइटची यादी टोरंटो विद्यापीठाची सिटिझन लॅब आणि ठिकठिकाणचे स्वयंसेवक मिळून ठेवतात. एक जगाची, एक प्रत्येक देशाची. आपल्याला हवी ती साइटही घालता येते.

मी रोज रात्री दहाला दोन फेऱ्या मारतो, एक घरच्या ब्रॉडबँडवर, एक मोबाइलवर. पहिल्याच आठवड्यात दिसलं की दोन्हीकडचे निकाल जुळत नाहीत. ब्रॉडबँडवर अडणाऱ्या काही साइट मोबाइलवर बिनधास्त उघडतात, काहींचं उलटं. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. पण 2020 साली बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीशी संबंधित संशोधकांनी सहा कंपन्यांच्या लाइन तपासल्या, त्यांनाही हेच सापडलेलं. कुठल्या ना कुठल्या कंपनीनं अडवलेल्या साइट 4033, आणि सहाही कंपन्यांनी अडवलेल्या फक्त 1115. देश एक, कायदा एक, आणि तुम्हाला काय वाचता येईल ते गल्लीत कुणाची वायर आलीय त्यावर!

याच मुद्द्यावर आमच्या कट्ट्यावर भांडण पेटलं. आमचा एक मित्र पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालाय. त्याला मी उत्साहानं निकाल दाखवले. तो म्हणाला, "बंद केलंय म्हंजे कारण असंलच की. सरकार काय येडं हाय व्हय?" मग त्यानं राईनपाडा काढलं. जुलै 2018, धुळे जिल्हा. मुलं पळवणारे आलेत अशी अफवा व्हॉट्सॲपवर फिरली आणि भिक्षा मागत आलेली पाच माणसं गावानं ठेचून मारली. "त्या पाचांचं काय स्वातंत्र्य होतं रं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. लहान मुलांचे घाणेरडे व्हिडिओ अडवावेत, यावरही आमच्या कट्ट्यावर दुमत नाही.

पण मग मी त्याला पालघर आठवायला लावलं. नोव्हेंबर 2012, बाळासाहेब गेले तेव्हाचा बंद. एका मुलीनं फेसबुकवर बंदबद्दल दोन ओळी लिहिल्या, दुसरीनं लाइक केलं, दोघींना अटक. त्यासाठी लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-अ कलम सुप्रीम कोर्टानं 24 मार्च 2015 ला रद्द केलं, श्रेया सिंघल खटल्यात. हवालदारालाही त्या अटका पटल्या नव्हत्या, "वरनं फोन आला असंल" म्हणाला. मात्र त्याच निकालात साइट बंद करण्याचं 69-अ कलम कायम राहिलं आणि त्याचे 2009 चे नियमही. त्यातला नियम 16 म्हणतो, तक्रार कुणी केली, कारवाई काय झाली, सगळं गोपनीय ठेवायचं. हुंडा किती मिळेल ते मोजून दाखवणारी एक विडंबनाची साइट होती, ती 2018 मध्ये बंद झाली. बनवणाऱ्याला आदेशाची प्रत द्या आणि त्याचं म्हणणं ऐका, असं दिल्ली हायकोर्टानं सांगेपर्यंत 2022 उजाडलं.

माझं म्हणणं बंदीच नको असं नाही. आमच्या खात्यातही थकबाकीसाठी लाइन तोडायचे, पण रजिस्टरला तसं लिहिलेलं असायचं आणि ग्राहकानं विचारलं तर सांगावं लागायचं. केबल फॉल्ट आहे म्हणून थाप मारायची नाही. (मारायचो. पावसाळ्यात खांबावरच्या फोनच्या डीपीवर चढायला कुणी तयार नसलं की 'केबल फॉल्ट' हे आमचं आवडतं उत्तर होतं. म्हणूनच कस्टमर केअरची 'साइट डाऊन असेल' ही थाप मला लगेच ओळखू आली.) हे ॲप नेमकी ती थाप उघडी पाडतं. तारीख, वेळ, कंपनी, साइट, अडवायची रीत, सगळं त्यांच्या एक्स्प्लोरर नावाच्या जाहीर साइटवर चढतं. माझं नाव नाही, माझ्या लाइनचा आकडी (आयपी) पत्ताही काढून टाकायचा प्रयत्न करतात. मी नसलो तरी डॉकेट राहील.

आता उणं काय ते.

अडवलंय हे कळतं, कुणी सांगितलं म्हणून ते कळत नाही. ऑगस्ट 2017 मध्ये इंटरनेट आर्काइव्ह भारतात बंद झालं होतं. मी तिथं जुनी मराठी पुस्तकं वाचतो, कुणाकुणाची स्कॅन करून ठेवलेली. मला वाटलं सरकारनं केलं. निघालं वेगळंच: सिनेमावाल्यांनी पायरसीसाठी मद्रास हायकोर्टाकडून अडीच हजारांहून अधिक साइटवर आदेश आणला होता, त्या यादीत हेही गेलेलं. असली गोष्ट ॲपच्या पडद्यावर दिसणार नाही, ती शोधावी लागते.

दुसरं, खूण दिसली म्हणजे बंदी असं नाही. काही साइट परदेशी पत्त्यांना स्वतःच दारात अडवतात, काही खरोखर पडलेल्या असतात. ॲप स्वतःच 'शंका' म्हणतं, पण नवखा माणूस लगेच स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतो. मी टाकला होता. चार दिवस लागोपाठ, दोन्ही लाइनवर बघितल्याशिवाय काही बोलायचं नाही, हे त्यानंतर ठरवलं.

तिसरं, यादीत जुगाराच्या आणि नको त्या साइटही आहेत, कारण अडवल्या जातात त्याही त्याच. तुम्ही बघत नाही, पण तुमच्या लाइनवरून त्या उघडायचा प्रयत्न होतो आणि कंपनीच्या नोंदीत तो दिसतो. सेटिंगमध्ये जाऊन ते गट बंद करता येतात. मी पहिल्या दिवशी केले नव्हते. ही चष्मा लावून पडद्याकडे बघत होती आणि यादी भरभर वर सरकत होती. "या वयात?" एवढंच म्हणाली. ऑफिसच्या लाइनवर किंवा सरकारी नोकरीत असाल तर आधी विचार करा. वेग मोजणारी चाचणी मोबाइल डेटावर लावू नका, चांगल्या लाइनवर ती डेटा भरपूर खाते.

आणि नेटच बंद केलं तर हे ॲप मुकं. जून 2023 मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून दंगल झाली आणि नेट बंद केलं. माझी बहीण तिथं मंगळवार पेठेत राहते. तिच्या पर्समध्ये चाळीस रुपये, बाकी सगळं फोनमध्ये. दूधवाल्याकडे उधारी ठेवली, साठ वर्षांत पहिल्यांदा. तिथं तपासायचं काय? डायललाच कुलूप. जुन्या काळी एसटीडी चोरू नये म्हणून लोक डायलच्या भोकात पितळी कुलूप लावायचे, तसं.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो निकालाच्या पानासाठी. तिथं तांत्रिक भाषा इतकी आहे की माझ्यासारख्या खात्यातल्या माणसाला जमतं, हवालदाराला नाही.

तोच परवा सकाळी सातला दारात उभा. नातवाच्या भरतीचा निकाल, साइट उघडेना. "तुझ्या त्या आठ पायाच्या यंत्रावर बघ की. बंद केली असंल कुणीतरी." पत्ता घातला, फेरी मारली. ब्रॉडबँडवर उघडेना, मोबाइलवर उघडेना, पलीकडच्या सर्व्हरकडूनही उघडेना.

"कुणी बंद केलेली नाही," मी म्हटलं. "पडलीय."

तो जरा हिरमुसलाच. "मग आता?"

"चहा घे. दुपारी परत बघू."