अकरा बाटल्या आणि आजोबांची शहाबादी: दहा महिने घरकाम केल्यावर

मागच्या जूनमध्ये आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्याच आठवड्यात धुणंभांड्याच्या मावशी लेकीच्या बाळंतपणाला गडहिंग्लजला गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. बायकोची शाळा सकाळची. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान अकराला उघडतं. म्हणजे केर, फरशी, भांडी आणि निम्मं धुणं कुणाच्या वाट्याला आलं हे सांगायला नको. 'काय लागतंय त्यात' म्हणून मीच छातीठोकपणे अंगावर घेतलं.

पहिल्याच रविवारी एका मोठ्या दुकानात जाऊन अकरा बाटल्या आणल्या. काचेची वेगळी, टाईल्सची वेगळी, शेगडीची वेगळी, नळाची वेगळी, फरशीच्या दोन. बिल भरताना वाटलं, आता घर लख्ख. आज एप्रिल संपत आला. त्या अकरांतल्या दोनच घरात शिल्लक आहेत, आणि त्यातली एक बायकोच्या हट्टामुळं. बाकीच्यांचं काय झालं आणि त्यांच्या जागी काय आलं, ते लिहून ठेवतो.

आधी घराबद्दल. कोल्हापुरात गंगावेशीच्या अंगाला जुनं घर आहे. पुढच्या सोप्यापासून मोरीपर्यंत आजोबांनी बसवलेली शहाबादी फरशी, स्वयंपाकघरात अलीकडच्या टाईल्स. पाणी दोन प्रकारचं: प्यायला नळाचं, वापरायला बोअरचं. बोअरचं पाणी इतकं जड की स्टीलचा पेला धुऊन तसाच ठेवला तर तासाभरात त्यावर पांढरे ठिपके उमटतात. हे दोन पाणी आणि दोन फरश्या लक्षात न घेता मी खरेदीला गेलो, तिथंच चुकलो.

पहिला फटका मोरीत बसला. संडास साफ करायची जाड निळी बाटली संडासात वापरून झाली आणि मी ती मोरीच्या कोपऱ्यात टेकवली. बाटलीच्या अंगावरून एक ओघळ खाली आला होता. पाच मिनिटांनी बारीक चर्र आवाज यायला लागला. बघतो तर बुडाभोवती फेस! बाटली उचलली, पाणी ओतलं, पण तोवर गोल पांढरं कडं उठलं होतं. बाटलीमागं बारीक अक्षरांत हायड्रोक्लोरिक ॲसिड लिहिलेलं असतं, तेही चांगलं 10 टक्क्यांच्या आसपास. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. ॲसिड पडलं की चुनखडी विरघळते आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, हे शाळेत शिकलो होतो. परीक्षा झाली, विसरलो. गेलेलं पॉलिश घरच्या कुठल्याही उपायानं परत येत नाही. व्हिनेगर, लिंबू, ताकसुद्धा या दगडाला चालत नाही, फक्त त्यांचा परिणाम हळू दिसतो. मी त्या कड्यावर बादली ठेवली आणि आईला काही बोललो नाही. ती तेव्हा सोप्यात पलंगावर होती, मोरीपर्यंत येणं शक्यच नव्हतं.

तेव्हापासून शहाबादीला फक्त साधं पाणी आणि दोन दिवसाआड बादलीत एक झाकण पांढरं फिनेल. एवढंच. आधी मी अंदाजानं भसाभस ओतायचो, तर फरशी चिकट व्हायची आणि त्या चिकटपणावर पायांचे ठसे उठायचे. पुसूनही फरशी मळकट दिसते म्हणून मी आणखी ओतायचो. बायकोनं एक दिवस नुसत्या पाण्यानं दोनदा पुसून दाखवली. बादलीतलं पाणी काळं निघालं आणि फरशी कोरडी, गार लागायला लागली. घाण माझ्याच फिनेलची होती.

आता चिकट्याबद्दल. आमच्याकडं रविवारी मटण, म्हणजे तांबडा-पांढरा. कांदा-लसूण चटणी तेलात पडली की शेगडीमागच्या टाईल्सवर, फोडणीच्या डब्यावर, पंख्याच्या पात्यांवर तो लालसर मेणचट थर बसतो. शेगडीची म्हणून आणलेली फवाऱ्याची बाटली चार आठवड्यांत संपली. काम ठीक करायची, पण वास इतका उग्र की आई सोप्यातून खोकायची. मग लक्ष्मीपुरीच्या बाजारातून धुण्याचा सोडा किलोनं आणला. तांब्याभर कडकडीत पाण्यात दोन चमचे, फडकं त्यात बुडवून टाईल्सवर दहा मिनिटं चिकटवून ठेवायचं, मग पुसायचं. तेलकटपणा गरम सोड्याला सुटतो, थोड्या तेलाचा तर साबणच होतो. दहा महिन्यांतली माझी सगळ्यात आवडती वस्तू हीच. किंमत बघितली की त्या फवाऱ्याचे पैसे आठवून पोटात दुखतं.

पण दोन गोष्टी. हातमोजे पाहिजेतच, नाहीतर संध्याकाळी बोटं पापडासारखी होतात. आणि ॲल्युमिनियमला सोडा लावायचा नाही. मी जुना कुकर त्यात भिजत घातला, सकाळी तो आतून बाहेरून काळा. दुकानात ॲल्युमिनियमची वायर रोज हाताळणाऱ्या माणसानं हे करावं! कुकर आता गच्चीवर कुंडी म्हणून आहे, कडीपत्ता बरा आलाय.

धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा यांत गल्लत करू नका. खाण्याचा फार सौम्य असतो, फ्रिज पुसायला आणि डब्यांचा वास घालवायला बरा. मोबाइलवर सगळे दाखवतात तो खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा फेस मी बेसिनमध्ये करून बघितला. दिसतं झकास. पण आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात, मागं उरतं जवळजवळ खारट पाणी. फेस यायचा तेवढाच. बेसिन तुंबलं ते तुंबलंच. शेवटी खालच्या पाइपचा बाक खोलला, आत भाताची शितं आणि चहाची पत्ती. तेव्हापासून खरकटं आधी डब्यात, मग भांडं मोरीत. हा नियम कुठल्याही बाटलीपेक्षा उपयोगी पडला.

नळाच्या पांढऱ्या खडीला मात्र आम्लच पाहिजे. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम तोटीवर साठून दगड होतो. किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं, पेलाभर गरम पाण्यात एक मोठा चमचा विरघळवायचं, जुना सुती मोजा त्यात भिजवून नळाला अर्धा तास गुंडाळायचा. खडी मऊ होऊन ब्रशनं निघते. आमची शॉवरची जाळी वर्षभरानं सगळ्या भोकांतून वाहिली. खाली शहाबादी असेल तर तसराळं ठेवा, एवढं मी अनुभवातून सांगतो.

याच पाण्यामुळं साबणाच्या वडीचं आमच्याकडं जमत नाही. जड पाण्यात साबणाचा चोथा होतो, तोच बादलीला करड्या रेघा होऊन चिकटतो आणि पांढरे कपडे राखाडी पडतात. डिटर्जंट पावडरचं तसं फारसं होत नाही. आईनं ऐकलं नाही, ती अजून टॉवेलला वडीच लावायला सांगते. मी लावतो आणि शेवटचं पाणी नळाचं घेतो. मिटलं.

हळदीचं सांगायलाच पाहिजे. जुलैत धाकटीच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर वाटीभर रस्सा सांडला. मी लगेच साबण लावला तर पिवळा डाग रक्तासारखा लाल झाला. घाबरून आणखी घासला, आणखी लाल. धाकटी रडायला लागली. पलंगावरून आई म्हणाली, "अरं हळद हाय ती. साबण लागला की लाल हुतीया. धू आन् उन्हात टाक, जातंय." कारण खरंच साधं आहे: हळदीतला रंग अल्कात लाल होतो, आम्लात परत पिवळा, आणि उजेडात उडतो. फक्त जुलैत कोल्हापुरात ऊन कुठलं! पंचगंगा पात्राबाहेर पडायला आलेली, आम्ही रोज पाण्याची पातळी विचारतोय, आणि मी शर्ट घेऊन गच्चीत ढगांकडं बघतोय. सहाव्या दिवशी दुपारी दोन तास ऊन पडलं. तेवढ्यात डाग फिकट झाला, पुढच्या उघडिपीत गेला. डाग काढायची जी बाटली आणली होती, तिचं झाकणही कधी फोडलं नाही.

पावसाळ्यातच ब्लिचिंग पावडरची पिशवी सापडली, 2021 च्या पुरानंतर आणून ठेवलेली. भिंतीच्या बुरशीला वापरली. काहीच झालं नाही. दमट हवेत तिच्यातला क्लोरीन उडून जातो, वर्षानुवर्षं ठेवलेली पिशवी म्हणजे चुन्याची भुकटी. ताजी आणली तेव्हा बुरशी गेली, दारं-खिडक्या उघड्या टाकून. आणि इथं गंमत नाही, नीट सांगतो: ब्लिचिंग पावडर आणि ती संडासाची बाटली, किंवा ब्लिचिंग आणि लिंबूसत्व, हे एकत्र कधीच येऊ द्यायचं नाही. विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तर जिवावर बेतेल. आमच्याकडं म्हणून ब्लिचिंग जिन्याखाली आणि बाकीचं मोरीत, असं मुद्दाम लांब ठेवलंय.

भांड्यांच्या लिक्विडबद्दल माझी तक्रार माझ्यावरच आहे. थेट घासणीवर पिळायचो, बाटली बारा दिवसांत रिकामी. आता एक चमचा वाटीभर पाण्यात, तीच बाटली पाच आठवडे पुरते. रिठ्याचाही प्रयोग केला. उकळून, गाळून, बाटलीत भरून. आईच्या इरकलीला आणि लोकरीच्या शालीला अप्रतिम, कापड मऊ राहतं. पण मटणाच्या पातेल्यापुढं रिठा हात टेकतो, आणि तिसऱ्या दिवशी पाणी आंबतं. जुन्या बायका भांड्याला बंबातली राख लावायच्या. आमचा तांब्याचा बंब मोडीत गेला तेव्हाच राख संपली.

तांब्यावरून आठवलं. घंगाळ आणि देवाचा तांब्या आहे. आमटीला कोळून उरलेला चिंचेचा चोथा, त्यात मीठ, आणि हातानं चोळायचं. काळपटपणा म्हणजे तांब्याचा ऑक्साइड, तो आम्लानं सुटतो. रोजच्या तांब्याला हेच बास. घंगाळाला मात्र पितांबरी, एवढी चिंच कोण कोळणार. धुतल्यावर लगेच कोरडं पुसलं नाही तर बोअरच्या पाण्याचे ठिपके परत हजर.

गेल्या चैत्र पौर्णिमेला घरातले चौघं जोतिबाला जाऊन आले. दारात उभे राहिले तेव्हा डोळे सोडून सगळे गुलालानं गुलाबी. मागच्या वर्षी मावशींनी वैतागून कपडे थेट बादलीत घातले होते, त्या पाण्यात गेलेला माझा पांढरा पायजमा अजून फिका गुलाबी आहे. यंदा मी सगळ्यांना सरळ गच्चीत पाठवलं. कपडे कोरडेच झटकायचे, निम्मा गुलाल तिथंच जातो. मग एकेक कपडा वेगळा, गार पाण्यात. सोप्यात पडलेला गुलाल आधी मऊ केरसुणीनं गोळा, ओलं फडकं शेवटी. ओला झाला की तो दगडाच्या छिद्रांत बसतो. कानातला आणि केसांतला गुलाल आठवडाभर उशीवर येत राहिला, त्याला माझ्याकडं उपाय नाही.

कामं कशी लावतो तेही सांगतो, कारण वस्तूंपेक्षा माझं जास्त डोकं त्यात गेलं. सुरुवातीला सगळं रविवारवर टाकायचो आणि दुपारी मटण जेवताना डोळे मिटायचे. आता रोज एकच जास्तीचं काम: एक दिवस पंखे, एक दिवस नळ, एक दिवस शेगडीमागची भिंत. भांडी रात्रीच, कितीही उशीर झाला तरी. सकाळी वाळलेल्या भाताशी झटापट करण्यापेक्षा ते परवडतं. पंखा पुसायच्या आधी केर काढायचा नाही, हे शिकायला मला दोन महिने लागले. जानेवारीपासून कपडे वाळत घालणं थोरलीकडं आहे, ती उलटसुलट घालते, मी बोलत नाही.

खर्च महिन्याला 900 रुपयांवरून 350 वर आलाय. आता शेल्फवर कपड्यांची पावडर, भांड्यांचं लिक्विड, सोडा, लिंबूसत्व, फिनेल आणि ती संडासाची बाटली, फक्त संडासापुरती. शिवाय बायकोची लॅव्हेंडरच्या वासाची फरशीची बाटली. साफ करण्यात ती फिनेलपेक्षा काडीनंही सरस नाही. पण शाळेतून आल्यावर तिला तो वास लागतो, म्हणून शुक्रवारी स्वयंपाकघरात तीच.

आई आता काठी घेऊन मोरीपर्यंत जाते. परवा पाय धुवायला गेली तेव्हा मी स्वयंपाकघरातून बघत होतो. तिनं बादली सरकवली. खाली ते पांढरं कडं. काठीचं टोक त्यावरून एकदा फिरवलं, पाय धुतले, आणि बादली होती तिथं परत ठेवली.