वयस्क कुत्रीसाठी लोडाची फोमगादी : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

आमची लॅब्रॅडॉर कुत्री आता अकरा वर्षांची आहे. तिचे खुबे आखडू लागले असून वर्षानुवर्षे फरशीवर झोपल्यामुळे दोन्ही कोपरांवर केस गळून जाड घट्टे पडले आहेत. तिच्यासाठी घेतलेल्या गादीविषयी हे मत मी काही महिन्यांच्या नियमित वापरानंतर लिहीत आहे. गादी आयताकृती आहे. तिला तीन बाजूंनी लोड आहेत आणि चौथी बाजू आत जाण्यासाठी मोकळी ठेवली आहे. आत खाली टणक फोमचा जाड थर व त्यावर मेमरी फोमचा पातळ थर आहे, आणि वरची खोळ चेन उघडून काढता येते.

या गादीची खरी गुणवत्ता तिच्या या दोन थरांच्या रचनेत आहे. अंथरूण निवडताना बहुतेकजण तळहाताने दाबून मऊपणा पाहतात. परंतु हात पसरट असतो आणि त्याचा भारही थोडा असतो, तर तीस किलोंच्या कुत्र्याचे कोपर किंवा खुब्याचे हाड सगळा भार अगदी लहानशा जागेवर टाकते. म्हणून हाताला अतिशय मऊ लागलेल्या गादीत तेच कोपर थेट जमिनीला टेकलेले असू शकते. गुडघा टेकवून त्यावर अंगाचा भार टाकावा आणि खालची जमीन जाणवते का ते पाहावे, ही परीक्षा मला अधिक विश्वासार्ह वाटते, आणि ही गादी तिच्यात पूर्णपणे उतरली. आधी घरात असलेली पॉलिएस्टर तंतू भरलेली गादी नवी असताना छान फुगीर होती. मात्र थोड्याच काळात खांद्याखालचे तंतू दोन्हीकडे सरकून त्यांचे गोळे झाले आणि मधोमध नुसते कापड उरले.

मेमरी फोम १९६० च्या दशकात नासासाठी, विमानातील आसनांच्या संदर्भात विकसित झाला. अंगाच्या उष्णतेने तो नरम होतो आणि शरीराच्या आकाराप्रमाणे बसतो. त्यामुळे दाब एका ठिकाणी न साचता पसरतो, आणि घट्टे पडलेल्या कोपरांना याचा मोठा उपयोग होतो. तरीही संपूर्ण गादी केवळ मेमरी फोमची असावी असे मी म्हणणार नाही. मागचे पाय अशक्त झालेल्या कुत्र्याला उठताना पाय रोवण्यासाठी टणक आधार लागतो आणि खोल रुतणाऱ्या फोममध्ये तो सापडत नाही. या गादीत खालचा थर तो आधार देतो. आमची कुत्री पूर्वी उठताना मागचे पाय दोन-तीनदा घसरवत असे. आता ती बहुधा एकाच प्रयत्नात उभी राहते. गादीच्या तळाला रबराचे ठिपके असल्यामुळे तीही जागची हलत नाही. गादीने सांधेदुखी बरी होत नाही. त्यासाठी पशुवैद्याचे उपचार आणि वजनावर ताबा यांना पर्याय नाही, आणि वेष्टनावरील ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द वाचून याचा विसर पडू नये.

मापाच्या बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. वेष्टनावर छापलेले माप लोडांसह बाहेरून घेतलेले आहे, त्यामुळे झोपण्याची जागा प्रत्यक्षात बरीच कमी भरते. कुत्रे कुशीवर पाय पसरून झोपलेले असताना नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजावे, त्यात १५ ते २० सेंटीमीटर मिळवावेत आणि ते माप लोडांच्या आतल्या जागेशी ताडून पाहावे. मुटकुळे करून झोपणाऱ्या कुत्र्याला याहून लहान, गोल अंथरूण चालते; आमची कुत्री हातपाय ताणून झोपते. लोडांवर हनुवटी टेकवणे तिला फार आवडते. मोकळ्या बाजूची कड जेमतेम चार बोटे उंच असल्याने आत शिरताना तिला पाय फारसा उचलावा लागत नाही, हेही निर्मात्याने नीट विचारात घेतले आहे.

खोळीखाली पाणी न झिरपणारे अस्तर आहे आणि वयस्क कुत्र्यासाठी ते मी आवश्यकच मानते, कारण लघवी एकदा फोममध्ये मुरली की तिचा वास सहसा जात नाही. धुण्याच्या सूचनेने मात्र निराशा केली. पिसवांची अंडी केसांना चिकटून न राहता अंथरुणात गळतात, म्हणून त्यांचा त्रास असताना अंथरूण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या पाण्यात धुणे चांगले. ही खोळ केवळ थंड पाण्यात धुण्याची परवानगी आहे. शिवाय खोळ एकच दिली आहे आणि ती वाळेपर्यंत आम्हाला वर चादर घालावी लागते.

दाट केसांच्या, सतत गारवा शोधणाऱ्या कुत्र्यासाठी ही गादी मी सुचवणार नाही. फोम उष्णता धरून ठेवतो आणि कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांनाच येतो. अशा कुत्र्याला जमिनीपासून उचललेली, खालून हवा खेळणारी ताणलेल्या कापडाची खाट बरी. अंथरूण कुरतडणाऱ्या पिल्लालाही ही गादी देऊ नये, कारण गिळलेला फोमचा तुकडा आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. मोठ्या अंगाच्या, शांत स्वभावाच्या आणि सांधे आखडलेल्या कुत्र्यासाठी मात्र ती जरूर घ्यावी, फक्त सोबत दुसरी खोळ मिळते का याची चौकशी आधीच करावी.