पाच महिने, दोन मस्की आणि एक टिक

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी मिनेसोटातल्या मिनेटोंका तलावावर माझा मस्कीचा रॉड (गळाची काठी; मस्की म्हणजे मोठा शिकारी मासा) तुटला. मासा लागला नव्हता, हुक दगडात अडकला नव्हता. नुसता कास्ट करताना, म्हणजे गळ फेकताना, टोकापासून हातभर खाली, शेवग्याची फांदी मोडावी तसा कटकन गेला. लुअर (नकली आमिष) पुढे उडालं आणि तुटलेला तुकडा लाइनवरून घसरत त्याच्यामागे पाण्यात गेला. मी उरलेला साडेसात फुटांचा दांडा हातात धरून उभा.

या रॉडबद्दल ऑगस्टमध्येच अर्धं लिहून ठेवलं होतं. तेव्हा माझी तक्रार अगदी वेगळी होती. तो भाग खाली तसाच ठेवतोय, कारण त्या रॉडबद्दलची ती तक्रार अजून गेलेली नाही. कंपनीचं नाव देत नाही. एका नगावरून सगळ्या मालावर शेरा मारायचा नाही, आणि असे सरकत्या हँडलचे रॉड बरेच जण बनवतात. नऊ फूट, एक्स्ट्रा हेवी (म्हणजे फार कडक), चार ते दहा औंस, बट (मागचा दांडा) टेलिस्कोपिक. वर चारशे साइजचं लो-प्रोफाइल रील (लाइन गुंडाळायची चरखी), ८० पौंडी ब्रेडेड लाइन, १३० पौंडी फ्लोरोकार्बन लीडर (लुअरजवळचा मजबूत तुकडा). मूळ किंमत दोनशे वीस डॉलर, मला सेलमध्ये एकशे चाळीसला मिळाला. हे ऐंशी डॉलर वाचल्याचा आनंद किती दिवस टिकला ते पुढे येईलच.

ऑगस्टमध्ये लिहिलेलं

आधी नऊ फूट का, ते. माझा जुना रॉड सात फुटी होता, बास या लहान माशासाठी घेतलेला. त्याच्यावर मागच्या वर्षी मस्की दिसले भरपूर, लागला एकही नाही. मस्कीची खोड अशी : लुअरच्या मागे मागे बोटीपर्यंत येतो, बघतो आणि निघून जातो. म्हणून लुअर बाहेर न काढता बोटीलगत पाण्यातच इंग्रजी आठचा आकडा काढत राहायचं. सात फुटी रॉडने काढलेला आठ म्हणजे पेढ्याएवढा. एवढ्या वेटोळ्यात चार फुटी मासा वळणार कसा? नऊ फुटी रॉडचं टोक पाण्यात बुडवून मोठी, गोल वळणं घेता येतात. या एका कामासाठी लांबीचे पैसे वसूल आहेत. माझे या मोसमातले दोन्ही मासे (३८ आणि ४४ इंच) कास्टवर नाही, आठच्या दुसऱ्या वळणावर लागले.

टेलिस्कोपिक का? कारण माझ्याकडे ट्रक नाही, कोरोला आहे. घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टमध्ये नऊ फूट मावत नाहीत. हँडल आत ढकललं की रॉड साडेसात फुटांचा होतो आणि पुढची सीट आडवी करून कारमध्ये तिरका बसतो. बायकोचं म्हणणं असं की हल्ली पुढच्या सीटवर रॉड बसतो आणि ती मागे.

आता मुख्य गोष्ट. हा रॉड टिकटिकतो.

प्रत्येक कास्टला. रॉड मागे नेऊन पुढे झोकताना जिथे वजन टोकावरून हँडलकडे येतं, बरोब्बर त्या क्षणाला तळहाताखाली टिक. कानापेक्षा हाताला जास्त कळते. दिवसाला तीनशे कास्ट धरा, तीनशे टिका. पहिल्या दिवशी वाटलं रीलची सीट ढिली असेल, ती आवळली. मग वाटलं गाईडची (रॉडवरच्या लाइन ओवायच्या कडीची) चकती हलत असेल, म्हणून सगळ्या चकत्यांमधून कापसाचा बोळा फिरवला, एक धागा अडकला नाही. शेवटी सांध्याला बोट लावून बायकोला टोक हलवायला सांगितलं. टिक. सांधाच. बायको म्हणाली, मला काहीच ऐकू आलं नाही.

मी ज्याच्या बोटीतून जातो तो माझा शेजारी, निवृत्त सुतार, तीस वर्षं मस्कीच्या मागे आहे. त्यालाही ऐकू येत नाही. पण तो कानातलं मशीन घरी ठेवून येतो, त्यामुळे त्याची साक्ष धरत नाही.

टिकेचं कारण साधं आहे. आतली नळी बाहेरच्या नळीत निमुळती घासून बसते, दुसरी पकड नसते. रॉड जमिनीवर टेकवला की बारीक वाळू आत जाते, बसणी सैल होते, आणि सैल बसणी प्रत्येक झटक्याला केसभर हलते. नुसत्या आवाजावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो (बसलो नसतो). पण आठ काढताना रॉडवर बाजूचा ताण येतो आणि सांधा हळूहळू फिरतो. तासाभराने बघावं तर गाईड रीलच्या रेषेत नाहीत, दहा-पंधरा अंश डावीकडे. लाइन पहिल्या गाईडला घासत जाते, कास्ट आखूड पडतो आणि आपण उगाच रीलच्या ब्रेकशी खेळत बसतो.

उपाय : नळासाठी वापरतात ती टेफ्लॉनची टेप लावून पाहिली, दोन कास्टमध्ये गोळा होऊन बाहेर आली. मग शेजाऱ्याने सांगितलं, मेणबत्ती घास. देवघरात लाइट गेल्यावर लावायला ठेवलेली साधी पांढरी मेणबत्ती. आतली नळी कोरड्या फडक्याने पुसायची, मेणाचा पातळ हात द्यायचा आणि हँडल ओढताना थोडं पिळून बसवायचं. टिक गेली. चार दिवस. पाचव्या दिवशी परत आली.

निकाल (ऑगस्ट) : रॉड उत्तम, सांधा भिकार. पाचपैकी तीन.

सप्टेंबरनंतर बदललेली मतं

जुलैअखेर आणि ऑगस्टमध्ये पाणी ८० फॅरनहाइटच्या वर गेलं की आम्ही मस्कीच्या वाटेला जात नाही. एवढ्या कोमट पाण्यात झुंजून दमलेला मासा सोडला तरी मरू शकतो. त्या सुट्टीत खांद्याला नारायण तेल चोळताना एक हिशेब नीट सुचला, आणि तो रॉड घेतानाच सुचायला हवा होता.

रॉडवर लिहिलेले औंस म्हणजे फेकायचं वजन. ओढायचं वजन कुठेच लिहिलेलं नसतं. दहा नंबरची दोन पाती असलेलं बकटेल (केसाळ शेपटीचं लुअर) तराजूवर तीन औंसांच्या आतबाहेर भरतं, म्हणजे माझ्या चार-दहाच्या रॉडला खरं तर हलकं. पण ती पाती पाण्यात फिरू लागली की विहिरीतून भरलेली कळशी आडवी ओढतोय असं वाटतं. उलट आठ औंसांचा मॅग्नम बुलडॉग (रबरी लुअर) फेकायला जड, पण ओढा-थांबा-ओढा या चालीत हाताला मधेमधे सुट्टी मिळते. मी 'मोठं लुअर म्हणजे एक्स्ट्रा हेवी' एवढ्याच हिशेबावर घेतला, आणि दिवसातल्या तीनशेपैकी दोनशे कास्ट बकटेलचे करतो. त्याला एक पायरी खालचा, साधा हेवी रॉड भरपूर झाला असता. कडक रॉड तीन औंसांना वाकतच नाही, मग फेकायचं सगळं काम रॉडऐवजी खांदा करतो.

म्हणून मुद्दाम लिहितोय : आधी स्वतःच्या बॉक्समध्ये बघा, सर्वांत मोठं लुअर कोणतं ते नव्हे, सर्वांत जास्त वेळ कोणतं बांधलेलं असतं ते. लिहिलेल्या आकड्यांचा वरचा टोकाचा भाग सोडून द्या. माझ्या चार-दहाला पाच ते आठ औंस गोड जातात. दहा औंस जातात, पण दिवसभर नाही.

सूइकसारखी जर्कबेट लुअर मारणार असाल तर नऊ फूट घेऊच नका. ती खाली झटके देऊन चालवायची असतात, आणि बोट बुटकी असेल तर प्रत्येक झटक्याला टोक पाण्यावर आपटतं. त्याला आठ फूट बरा. मागचं हँडल लांब आहे, त्याचा बट लाइफ जॅकेटच्या पट्ट्यात अडकतो, तेही नेमका मासा मागे आलेला असताना. पण त्याची सवय होते. टिकेची होत नाही.

आणि एक कबुली. सप्टेंबरमध्ये शेजाऱ्याचा पाउंडर मी दोनदा फेकला. पाउंडर म्हणजे नावाप्रमाणे पौंडाचा, साडेचारशे ग्रॅमचा रबरी ऐवज. झटका न देता, सावकाश, गोफण फिरवावी तसा फेकला. रॉड वाकला आणि सरळ झाला. मला वाटलं, बघा, कंपनी उगाच दहा लिहिते.

तुटल्यावर

तुटलेलं टोक शेजाऱ्याने चष्मा लावून पाहिलं. जिथे मोडला त्याच्या अगदी जवळ वार्निशवर नखाएवढा पांढरा टवका होता. बोट पळवताना मी बांधलेलं लुअर तसंच लोंबकळत ठेवतो, आणि त्याचं शिशाचं डोकं लाटेगणिक ब्लँकवर (रॉडच्या मूळ काठीवर) आपटत असणार. ग्रॅफाइट वाकायला खंबीर, पण बाजूने बसलेला टोला ते विसरत नाही. टवका जूनमध्ये पडला तरी रॉड ऑक्टोबरमध्ये मोडू शकतो. की पाउंडरने आधीच धागे उसवले होते? दोन्ही शक्यता माझ्याकडेच बोट दाखवतात, आणि गंमत म्हणजे ज्या सांध्याला मी पाच महिने शिव्या घातल्या तो शाबूत होता.

वॉरंटी एक वर्षाची. पावती कारच्या डॅशबोर्डवर ठेवलेली. थर्मल कागद उन्हात तापून पाटीसारखा काळा झाला होता. दुकानदाराने फोन नंबरवरून नोंद शोधून दिली, त्याचे आभार. कंपनीचं मात्र चॅटवर एकच पालुपद : तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. नऊ दिवस महत्त्वाचा होता. दहाव्या दिवशी उत्तर आलं : नवा रॉड देऊ, पाठवणावळ आणि हाताळणी पंचेचाळीस डॉलर. एकशे चाळीसच्या रॉडला पंचेचाळीस! मी लिहिलं की फुकट वॉरंटी असं खोक्यावर छापलंय. त्यांनी लिहिलं की वॉरंटी फुकटच आहे, पैसे लांब खोक्याचे आहेत. मी लिहिलं की रॉड टेलिस्कोपिक आहे, दुमडून पाठवा. यावर दोन दिवस शांतता, मग पस्तीस डॉलर. घासाघीस करायला लाज कसली, दहा डॉलर दहा डॉलर असतात.

फॉर्मवर प्रश्न होता : तुटताना लुअरचं वजन किती होतं? आठ औंस, खरं तेच लिहिलं. सप्टेंबरबद्दल कोणी विचारलं नाही.

तुटका रॉड परत पाठवायचा नव्हता. हँडल करवतीने कापून दोन तुकड्यांचा फोटो पाठवा म्हणाले, म्हणजे तोच रॉड दुरुस्त करून कोणी पुन्हा वापरणार नाही. बाल्कनीत बसून हॅकसॉने कापला. बरोब्बर सांध्यावर. इतकं समाधान मला ४४ इंची मासा सोडतानाही झालं नव्हतं.

त्यावरून आठवलं. रेवदंड्याला बाबांना फोनवर हा सगळा किस्सा सांगितला. त्यांनी उभी हयात खाडीवर बांबू, नायलॉन आणि कोळंबीचा तुकडा यावर गरवण्यात काढली. रॉडची किंमत सांगितली, ते काही बोलले नाहीत. मासा किती मोठा, विचारलं. साडेतीन फुटांच्या वर, म्हटलं. वाटे किती झाले? सोडून दिला, म्हटलं. इथे मिनेसोटात बहुतेक तलावांत ५४ इंचांच्या खालचा मस्की ठेवताच येत नाही, आणि त्याहून मोठाही जवळजवळ सगळे सोडतातच. पलीकडून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग, "अरे, मग गेला होतास कशाला?"

याचं उत्तर मला अजून जमलेलं नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात मिल लॅक्स तलावात कोणाला तरी ५५ पौंडांहून जड मस्की लागला आणि १९५७ पासूनचा राज्याचा विक्रम मोडला, असं काहीतरी सांगायला गेलो. तेवढ्यात आईने फोन घेतला.

नवा रॉड नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. तेच मॉडेल, सांध्यावर आता एक रबरी कडं जास्त आहे. गाईडवर बर्फ धरेपर्यंत दोन दिवस फेकला, साधारण चारशे कास्ट. टिक नाही. गाईड रेषेत. लुअर आता बोट पळवताना सोडून बॉक्समध्ये ठेवतो, पाउंडर शेजाऱ्याचा शेजाऱ्याकडे. पाचपैकी चार करतोय. एक गुण पस्तीस डॉलरचा कापला.

बकटेलसाठी आता साधा हेवी, साडेआठ किंवा नऊ फुटी हवा आहे. जुना चालेल, बजेट शंभरच्या आत, मिनियापोलिसच्या आसपास कोणाकडे पडून असेल तर कळवा. टेलिस्कोपिक असेल तर आधी फोन करा, रॉड हँडलला धरून जोरात हलवा आणि मला ऐकवा.