थ्रॉटल बॉडी: जुनी साफ करावी की मोठी बसवावी?

आयडलला, म्हणजे पेडल न दाबता इंजिन चालू असताना, आरपीएम वर-खाली होतात, सिग्नलला एसी लावला की गाडी बंद पडते, आणि गॅरेजवाला म्हणतो, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) बदलायचीच आहे तर जरा मोठ्या बोअरची, म्हणजे आतल्या व्यासाची टाका. अशा पेचात असाल तर माझा अनुभव कामाला येईल. माझी बाराशे सीसीची पेट्रोल गाडी सव्वा लाख किलोमीटर चाललेली आहे. मी दोन्ही करून पाहिलं.

आधी मोठी बसवली. ४६ मिलिमीटरच्या जागी ५०, म्हणजे हवेच्या वाटेचं क्षेत्रफळ सुमारे १८ टक्के जास्त. पुणे महामार्गावर मोहोळपर्यंत मी खूश होतो, पाय ठेवला की गाडी उचलायची. पण पेडल तेवढंच दाबून जास्त हवा आत जाते, म्हणून तो जोर सुरुवातीलाच जाणवतो. हवा पुढे ज्यातून जाते ते इंजिनचं हेड आणि व्हॉल्व्ह जुनेच असल्याने तुळजापूरच्या घाटात पेडल पूर्ण दाबल्यावर मला तरी फरक कळला नाही.

मग गाळप हंगाम सुरू झाला. आपल्याकडे त्या दिवसांत रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा असतो. दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये, पंधराच्या वेगाने मैलभर चालावं लागतं. तिथे गाडी झटके द्यायची. पाय जरासा दाबला की उसळी, सोडला की हिसका. लर्निंग, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला (ईसीयू) नव्या थ्रॉटल बॉडीशी जुळवणं, पुन्हा करूनही ते गेलं नाही. पंढरपूरहून येताना मागे आई होती, तिला मणक्याचं दुखणं आहे. प्रत्येक झटक्याला ती पुढची सीट घट्ट धरायची, बोलली मात्र काही नाही. दुसऱ्याच दिवशी मी जुनी थ्रॉटल बॉडी परत बसवायला बाहेर काढली.

तिच्यातल्या, हवेची वाट उघडझाप करणाऱ्या फ्लॅपच्या कडेला काळा चिकट थर होता. इंजिनच्या खालच्या भागातली (क्रँककेस) तेलाची वाफ हवेच्या वाटेत (इनटेक) परत येते, तिचाच तो. आयडलची हवा ज्या बारीक फटीतून जाते ती अशी बुजत जाते. ईसीयू फ्लॅप थोडा थोडा जास्त उघडून सांभाळत राहतो, आणि एसीचा बोजा पडला की त्याचं गणित कोलमडतं. थ्रॉटल बॉडी क्लीनर मऊ कापडावर घेऊन पुसलं, गॅस्केट नवं घातलं. मोटरवर चालणारा फ्लॅप बोटाने ढकलू नका, आणि फ्लॅप किती मिटावा हे ठरवणाऱ्या स्टॉप स्क्रूला हातही लावू नका. साफ केल्यावर आयडल उलट पंधराशेवर गेलं, कारण ईसीयूच्या लेखी फट अजून बुजलेलीच होती. स्कॅनरने आयडल लर्न केल्यावर साडेसातशेवर स्थिर झालं.

मोकळ्या महामार्गावरच फिरणाऱ्याला, ईसीयूचं ट्यूनिंग करून घेणाऱ्याला मोठी आवडेलही, नाही म्हणत नाही. आणि साफसफाई प्रत्येक वेळी पुरत नाही. फ्लॅपचा शाफ्ट (दांडा) हाताला ढिला लागला तर नवीच लागते. स्कॅनरवर पी२१३५ हा एरर कोड दिसला, म्हणजे पोझिशन सेन्सरची दोन व्होल्टेज एकमेकांशी जुळत नाहीत, तर आधी कनेक्टर आणि वायरिंग तपासा. त्यात दोष नसेल तर नवी घ्या, पण मूळ मापाचीच.